सीटवरचा रुमाल

अठ्ठावीस जुलैला डिझेल-परताव्याची फाईल उघडली,
तर कॉम्प्युटर म्हणाला, थांबा,
आत विजयमाला आडिवरेकर आहेत.
वाचायचं तर वाचा, हात लावू नका.

बाई मेअखेरच रिटायर झाल्या.
सोसायटीने शाल दिली, नारळ दिला,
चेअरमन त्यांच्या अक्षराबद्दल बोलले,
ज्यांनी दहा वर्षं नुसतं टाइपच केलं.

खिडकीत गफूर होडेकर,
कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत.
"बाई आत आहेत," म्हटलं
तर वाकून माझ्या पाठीमागे बघायला लागले.

लपलेल्या फायली दाखव म्हटल्यावर सापडली ती:
फिकट, धुऊन विटल्यासारखी,
नावाआधी एक नागमोडी रेघ,
पोटात बाईंच्या नावाखेरीज काही नाही.
एकतीस मे, चार वाजून दहा मिनिटं.
म्हणजे बाई शाल घ्यायला उठल्या
आणि नाट्याची लाईट गेली.
निरोप समारंभ झाला, पण आत कुणी कळवलं नाही.

एस.टी.च्या सीटवर टाकलेला रुमाल.
माणूस केव्हाच उतरला,
गाडी राजापूर डेपोत मुक्काम करून परत आली,
तरी लोक उभेच, दांडीला धरून.

उचलून टाकायचा, सोपं आहे.
पण आधी विचारावं लागतं, कुणाचा आहे का हो?
छत्री घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेले,
तिथल्या कॉम्प्युटरवरही हीच फाईल उघडते.
तिथे सुहास पत्ते लावत होता. एकटाच.

मग बाईंना फोन.
"तुम्ही अजून फाईलमध्ये आहात."
पलीकडे कुकरची शिट्टी, मग थोडा वेळ काहीच नाही.
"होडेकरांची एक पावती राहिली बघ गो,
दोनशे वीस लिटर. तीच घालत होते."

फाईलची एक प्रत काढून ठेवली.
मग त्या फिकटीवर बोट ठेवून, डिलीट.
एक्केचाळिसावी ओळ. नाव होतं,
पुढचा चौकोन रिकामा.

"गफूरभाई, मेची दोनशे वीसची पावती?"
त्यांनी पिशवी उलटी केली.
"ती मी सोडून दिली होती," म्हणाले.

पाचला फाईल बंद केली.
मग परत जाऊन फोल्डरात बघितलं,
लपलेलं सगळं दाखव म्हणून.
माझं नाव कुठेच नव्हतं.
तरी दाराशी जरा थांबले,
कुलपाची किल्ली हातात फिरवत.