शिपाई नंबर त्र्याऐंशी

आडनावाचा अर्थ बाबा अभिमानाने सांगायचे:
ट्रिग, म्हणजे निर्धास्त.
रात्री मात्र दाराची कडी तीनदा तपासायचे.

ते गेल्यावर मी वाड्स्टेनाच्या दप्तरखान्यात जाऊन बसले.
पाद्र्याची घरोघरच्या परीक्षेची वही,
अक्षर मुंग्यांचं, शाई कोऱ्या चहासारखी.
कोण नीट वाचतं, कोण अडखळतं,
कुणाला देवी येऊन गेल्या,
कोण कुठून आलं, कुठे गेलं.

आणि तिथे तो, स्वेन पेरसन.
पेरसन इतके होते
की हाक मारली तर अर्धी पलटण वळायची.
म्हणून कप्तानाने यादीवरून बोट फिरवलं
आणि एक आखूड, ओरडायला सोपं नाव त्याला चिकटवलं.
नावासोबत झोपडी, बटाट्यांपुरती जमीन, निळा डगला.
सगळंच उसनं.

१८४१. मार्चच्या मध्यावर स्वेन तळ्याच्या बर्फातून आत गेला.
तो बर्फ वितळायच्या आधी नवा शिपाई हजर,
आंदेर्स नील्सन. त्याचंही नाव ट्रिग.
नाव झोपडीचं होतं.
माणसं त्यात येऊन राहायची.

मेर्ताने चूल सोडून निघायचं, अशी रीत.
ती निघाली नाही. ऑक्टोबरात लग्न.
डगल्याच्या बाह्या नव्याला लांब होत असणार,
तिनेच त्या आत दुमडून शिवल्या असणार.
हे वहीत नाही. हे माझं.

डिसेंबरात मुलगा, योहानेस, माझ्या पणजोबांचा बाप.
बापाच्या रकान्यात पाद्र्याने लिहिलं:
शिपाई ट्रिग.
एक अक्षर खोटं नाही.
मी महिने बोटांवर मोजले, पुन्हा मोजले,
शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
हिशेब दोघांकडेही झुकतो.

जूनमध्ये भावाला घेऊन जागा शोधली.
फरच्या जंगलात जोत्याचे चार दगड
आणि रुबार्ब, कुणी न लावता अजून उगवणारा.
भाऊ म्हणाला, मग आपण नक्की कोणाचे?
मी एक देठ मोडून त्याच्या हातात दिला.
त्याने चावला, डावा डोळा मिटला,
अगदी बाबांसारखा.

मेर्ताला ते नाव कुणी दिलंच नव्हतं.
लग्नं दोन झाली, तरी पानापानावर ती योन्सडॉटर.

त्या रात्री कडी तपासायला मी उठले,
एकदा, मग पुन्हा,
आणि तिसऱ्यांदा उठताना वाटलं, ही सवय तिची.
ज्या घरातून कधीही कुणी ऊठ म्हणेल,
त्या घरातली.