दुकान क्रमांक एकोणीस

पकोक्कूच्या धक्क्यापासून तिसऱ्या गल्लीत
जनतेचे दुकान क्रमांक एकोणीस.
मी तिथला कारकून.

दर शनिवारी संध्याकाळी दार अर्धे लोटून
कप्तान त्वाँ यी आम्हाला शिकवत :
माणूस म्हणजे रूप आणि नाम,
दोन्ही क्षणोक्षणी उपजतात, विझतात,
म्हणून उत्पादनाची साधने जनतेच्या मालकीची.
त्या 'म्हणून'पाशी मी दरवेळी अडखळायचो.
तोवर कप्तान पुढच्या पानावर.
सगळे अनित्य आहे, लिहून घ्या.
त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवरची तसबीर मात्र
तेवीस वर्षे तीच.

तृष्णा दुःखाचे मूळ, हे मला
फळ्यांनी आधीच शिकवले होते.
साबण माणशी अर्धी वडी.
तेल येई तेव्हा लोकांकडे डबा नसे,
डबा घेऊन येत तेव्हा तेल.
एकदा न मागता ऐंशी चपला आल्या,
सगळ्या डाव्या पायाच्या.
उजव्या मग्वेला गेल्या असाव्यात,
असे वरून कळवण्यात आले.

मग आली छत्री.
एक.
काळी, वाकड्या मुठीची, दांड्यावर चिनी शिक्का.
कुटुंबे बहात्तर.
नियमाप्रमाणे चिठ्ठ्या. वहीचे पान कापून मीच केल्या,
बिस्किटाच्या डब्यात खळखळवल्या,
आणि आता सांगायला हरकत नाही,
बहात्तरही चिठ्ठ्यांवर एकच नाव होते.

दॉ प्वा यिन. तनाखाची खोडे विकायची.
तिच्या मुलाला पूर्वेच्या डोंगरात नेले होते
फौजेचे ओझे वाहायला.
नेल्याची पावती होती तिच्याजवळ.
परत आल्याची नव्हती.

छत्री तिने उघडलीच नाही.
दोन पावसाळे डोक्यावर केळीचे पान धरून आली,
साबणाची अर्धी वडी पदरात टाकून गेली.
मला राग यायचा. एवढी लबाडी केली मी,
ती काय केळीच्या पानासाठी?

त्या शनिवारी सकाळी अकराला रेडिओ बोलला :
पंचवीसची, पस्तीसची, पंचाहत्तरची नोट
आजपासून नाही.
बदलून मिळणार नाही.
बस. मग मार्चचे संगीत.

संध्याकाळी वर्ग होता. कप्तान आले नाहीत.
म्हणे गादी उसवून बसले होते अंगणात.
आम्ही सातजण कोऱ्या वह्या घेऊन बसलो,
आणि अर्ध्या दारातून वाकून ती आत आली.
काखेत छत्री.
मधोमध उभी राहिली, खटका दाबला.

काड्याकाड्यांतून गुंडाळ्या सुटल्या,
पंचाहत्तर, पंचाहत्तर, पस्तीस,
हळदीच्या डागांच्या, तनाखाच्या वासाच्या,
कुणाच्या मांडीवर, कुणाच्या वहीवर.
'त्याला सोडवायला लागतील म्हणून,'
एवढेच म्हणाली.
कुणी वेचल्या नाहीत. तीही वाकली नाही.
बाहेर आभाळ कोरडे ठणठणीत,
ती छत्री उघडी धरून गल्लीतून गेली.

मी झाडू घेतला. वहीत नोंद केली :
रद्दी, अर्धा शेर.

पुढे पंचेचाळीसची नोट निघाली, नव्वदची निघाली.
शेंगदाणेवाला सुट्टे देताना अजून बोटे मोजतो.
काल ती नव्वदची घेऊन आली साबणाला.
मी हिशेब चुकलो, पुन्हा मांडला, पुन्हा चुकलो.
तिने घाई केली नाही.
मग हळूच विचारले,
'कारकून, त्या डब्यातल्या बाकीच्या चिठ्ठ्या
तुम्ही इतक्या लगेच का जाळल्या?'