मूळ

गिटिन्स म्हणाला, रंग नवा मारूया.
चामडं नवं चढवू, डॅशबोर्डच्या अक्रोडावर
चार हात पॉलिश,
आरशासारखी करून देतो, डॉक्टर.

टेम नदीचा गारठा गॅरेजच्या पत्र्याखाली साचलेला
आणि मधोमध ती,
पासष्ट सालची बेंटली, गडद हिरवी,
मानपान नीट झाला की नाही हे बघत
लग्नघरात बसून राहिलेल्या आत्यासारखी.

मी म्हटलं, नको.

एकतीस वर्षं या लडलोत मी लोकांचे दात पाहिले.
गिटिन्सची अक्कलदाढही मीच काढली,
त्यामुळे माझ्या ‘नको’पुढे तो फार बोलत नाही.

दात एकदा कोरला की कोरला.
किती जण यायचे, पांढरे करा, एका रांगेत करा,
टीव्हीवर असतात तसे करा.
केले. पैसेही घेतले.
चांगल्या दाताची ती पांढरी पूड
नळीतून सुर्रकन जायची,
तो आवाज अजून कधीतरी
भांडी घासताना ऐकू येतो.

मूळ शाबूत असेल तर ठेवावं,
एवढंच काय ते मी शिकले.
आपल्याकडे दाताचं ते मूळ आणि अस्सल तेही मूळच.
गिटिन्सला त्यासाठी दोन शब्द लागतात.

तर चामड्याला फक्त मलम, सुती फडक्याने.
भेगा बुजवायच्या नाहीत, मऊ करायच्या.
मागच्या हातटेकणीवर सिगारचा डाग आहे, असू दे.
घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे, तेही.
दिगंबर म्हणाला, एवढ्यात नवी आली असती,
बूड गरम करणाऱ्या सीटची.
त्याला म्हटलं, तू चालत ये.

मग गुरुवारी गिटिन्सने
रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं.
बॉनेट, छत, उजवी बाजू, सगळं ठीक.
डाव्या पुढच्या दरवाजावर आकडा दुप्पट.
हा हिचा नाही, डॉक्टर.
उन्हात नेऊन पाहिलं.
खरंच, हिरवा किंचित पोपटीकडे गेलेला.
तीन आठवडे रोज हात फिरवत होते
आणि कळलं नाही,
मला!
दुसऱ्याने बसवलेली कॅप
दारातूनच ओळखणारी मी.

संध्याकाळी रोझलिंड बेबला फोन केला, जरा घुश्शातच.
गाडी तिच्या वडिलांची.
ती हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही.
त्र्याऐंशी साल, म्हणाली. मी सतरा वर्षांची, डॅड शेजारी.
आमच्या फाटकाचा दगडी खांब.
त्यांचा दरवाजा उघडेचना.
आधी मी उतरले, मग ते
स्टिअरिंगखालून सरपटत, टोपी हातात.
दरवाजा पाहिला. खांब पाहिला.
आणि म्हणाले,
बरं, आता रिव्हर्स शिकू.

हेरफर्डच्या एका भंगारवाल्याकडे
त्याच सालचा, त्याच रंगाचा दरवाजा आहे.
गिटिन्सने चौकशी करून ठेवली आहे.
महाग आहे, पण मिळेल,
मग सगळी एकजात मूळची.

मी आत बसून एकेक दरवाजा लावून पाहिला.
तीन ठप्प वाजतात, तिजोरीसारखे.
हा जरासा खण्ण.
पुन्हा लावला. पुन्हा खण्ण.

हेरफर्डला नाही म्हणून कळव, मी सांगितलं,
बिजागरीला तेवढं तेल दे.
गिटिन्सने खांदे उडवले
आणि जीभ गालात फिरवली,
जिथे त्याची दाढ होती तिथे.

कप्प्यात गाडीचं जुनं पुस्तक आहे.
शेवटच्या पानांवर बेबसाहेबांनी
किती गॅलन पेट्रोल, किती मैल
असं बारीक अक्षरात लिहिलेलं.
त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये एक ओळ रिकामी.

तिथे लिहिलं, डावा दरवाजा, रोझलिंड.
पेन्सिलीने,
म्हणजे माझ्यानंतरच्या कुणाला नको वाटलं
तर खोडता येईल.