नव्याचे नऊ दिवस

माझं काम भांडी धुण्याचं. एकवीस वर्षं
चंबू, नळ्या, बाटल्या, पुन्हा चंबू.
जानेवारीत तार्तूला सूर्य नऊला येतो
आणि चारच्या आत पाट्या टाकून निघून जातो;
तोवर माझा ऑटोक्लेव्ह दोनदा शिट्टी देऊन झालेला असतो.

तावेत मला सगळं समजावून सांगतो,
कारण रात्री दुसरं कुणी नसतं.
तीन जनुकं आहेत, म्हणाला, गोलात उभी केलेली.
पहिलं दुसऱ्याचं तोंड दाबतं,
दुसरं तिसऱ्याचं,
आणि तिसरं मागून येऊन पहिल्याचं.
कुणाला पुरतं बोलता येत नाही, कुणी पुरतं गप्प बसत नाही,
आणि या ओढाताणीतून दर अडीच तासांनी
जिवाणू हिरवे उजळतात,
विझतात.

मी म्हटलं, आम्ही तिघी बहिणी अशाच होतो.
हसला नाही. पडद्यावरची लाट पाहत होता.

दिसायचं मात्र सुंदर, खोटं कशाला बोलू.
काचेच्या पट्टीत नखाहून लहान खोली,
आत जिवाणू दाटीवाटीने,
आमच्या लहानपणी केळी आली की दुकानाबाहेर उभे राहायचो तसे,
आणि हाकेला हाक देत सगळी गर्दी एकदम उजळायची,
जणू दुकानाचं दार उघडलं.
मी ओले हातमोजे घालून तशीच उभी.

नवव्या दिवशी कोपऱ्यात एक काळा ठिपका.
संध्याकाळी पडद्यावर तळहाताएवढा.
सकाळी सगळी खोली काळी, आणि आतले
पूर्वीपेक्षा गुटगुटीत.

तपासणीत कळलं: त्यांच्याच अंगातला एक उडाणटप्पू तुकडा
उडी मारून दुसऱ्या जनुकाच्या पोटात जाऊन बसला.
सर्किट तुटलं. उजेडाचा खर्च वाचला.
वाचलेल्या साखरेवर त्या एकाचे दोन, दोनाचे चार,
आणि दिवे लावणारे खोलीबाहेर वाहून गेले.

फितुरी, तावेत म्हणाला.
मला तो ठिपका
शेवटच्या बसला धावणाऱ्या बाईसारखा वाटला,
जिने पिशवी रस्त्यातच ठेवून दिली.
पण हे मी बोलले नाही. मी दुसरंच बोलले.

म्हटलं, घरी माझ्याकडे आईची काठवट आहे,
राय धान्याच्या काळ्या पावाची.
दिवसभर जगाची भांडी धुते, ती एक धूत नाही.
कडेला वाळलेलं आंबट पीठ, तेच पुढचं विरजण.
आई म्हणाली होती, खरवड, पण पाणी लावू नकोस.
आत जे कुणी आहेत त्यांना कुणी काम नेमून दिलेलं नाही,
तरी सत्तर वर्षं दर शनिवारी पाव फुगतो.

तावेतने मान वर केली.
सत्तर वर्षांत आतले सगळे बदलले असतील, म्हणाला,
एकही आईच्या वेळचा नसेल. तुम्हाला कसं कळणार?
चव तीच आहे का?

आठवून पाहिलं.
सांगायला आई नाही.

मग त्याने मोठा फ्रीजर उघडला, वाफ अंगावर घेत
पहिल्या दिवशीची कुपी काढली.
बर्फातल्या त्या जिवाणूंना अजून
काही घडल्याचं ठाऊक नव्हतं.
चंबू आहे का, त्याने विचारलं.

आहे, म्हटलं.
थांब जरा. गरम आहे.