बाणा कुठी हाय?

नववीत खोब्रागडे मॅडमनी फळ्यावर लिहिलं: ऊती.
म्हणाल्या, विणलेलं ते. शरीर विणलेलं असतं.
मागच्या बाकावर मी एकटीच हसले,
कारण तांडापेठेत आमच्या घरी
हे सकाळी सहापासून चालू असायचं,
खटक, खटक,
बाबा कमरेपर्यंत मागाच्या खड्ड्यात,
जमिनीवर अर्धाच माणूस.
लहानपणी मला वाटायचं बाबांना पाय नाहीत,
रात्री जेवायला बसताना तेवढे उगवतात.

आता मी मेडिकलला, पहिल्या मजल्यावर,
जिथे माणसं नखाएवढी होऊन येतात
फॉर्मॅलीनच्या बरण्यांत, नंबर लावून.
त्यांना मेणात बसवायचं
आणि पाच मायक्रॉन जाडीने कापायचं, एवढं माझं काम.
मे महिन्यात आमच्याकडे मेणसुद्धा धीर सोडतं.
ठोकळा बर्फावर ठेवते, कूलर बंद करते
(फुंकरीनेही काप उडतो),
चाक फिरवते.
पात्यावरून फीत उतरते, सलग,
कोमट पाण्यावर पसरते, सुरकुत्या सोडते.
चरबी कापायला अवघड. हाड त्याहून.
हाडाला आधी आठवडाभर आम्लात ठेवायचं,
चुना सुटेपर्यंत, सुई शिरेपर्यंत.
काही माणसांसारखं, असं लिहिणार होते,
पण आम्लात राहून माणसं मऊ होत नाहीत.
पाहिलंय मी.

मागच्या बुधवारी एका बरणीवर
उकंडा धकाते, वय सदुसष्ट, उजवी मांडी.
माग विकून अकरा वर्षं झाली.
अलीकडे जिना चढताना
हाताने मांडी उचलून पुढच्या पायरीवर ठेवतात,
एखादं सामान ठेवावं तशी.
बोरकुटे म्हणाला, दे इकडे, हे मी करतो.
दिलं नाही.
जांभळा रंग दिला, धुतला, मग गुलाबी.
हात थरथरला नाही याचंच नंतर वाईट वाटलं.

शुक्रवारी ते आले, डबा घेऊन, माझाच.
लॅब रिकामी होती.
स्टुलावर बसवलं, भिंग जुळवून दिलं.
टोपी काढून मांडीवर ठेवली त्यांनी
आणि किती तरी वेळ बोललेच नाहीत.

मग: हा तर नुसता ताणा हाय वं.
बाणा कुठी हाय?

मी म्हटलं, आडव्या बारीक रेघा दिसतात बघा.
तो धागा नोहे, म्हणाले. धागा असता तं वरखाली झाला असता.
खरं होतं. त्या पट्ट्या.
तिथे स्नायू आखडतो, सुटतो, आखडतो.
मंग हे इनलं नाही कोणं, नुसतं मांडून ठेवलं.
बाणा जन्मभर आपणच घालाचा.
असं म्हणाले, की मला तसं ऐकू आलं, कोण जाणे,
खाली कुणाची तरी ट्रॉली खडखडत चालली होती.

हा मेला, ते म्हणाले. हा बी.
वरून तिसरा, अन् थो कोपऱ्यातला पातळ झाला पाय.
नंतर मॅडमनी काचेवर शाईचे ठिपके केले
ते जवळजवळ त्याच जागी.

सांधता येते का?
घरी ते माझंच काम होतं,
तुटलेला धागा थुंकी लावून बोटांत वळायचा,
गाठ हाताला लागता कामा नये.
मी म्हटलं, आपल्याला नाही येत, बाबा.
पण प्रत्येक धाग्याच्या कडेला
काही पेशी झोपून असतात.
तुटलं की उठतात. कधी कधी.

मंग उठव ना त्यायले, म्हणाले,
आणि टोपी घातली.

घरी जाताना ऑटो पाचपावलीच्या पुलाखाली अडकला.
ते बाहेर बघत होते.
खाली, चपलेतून अर्धा निघालेला उजवा पाय
पत्र्यावर दाबत होता, सोडत होता,
डाव्याची वाट बघून पुन्हा दाबत होता.
ऑटोवाला म्हणाला, काका, ब्रेक तिकडे नाही.