टक्केवारीचा रकाना

फॉर्म चार पानी आहे.
नाव: रोझविथा क्ल्यूटिंग. विभाग: कात्री-जुळणी.
शोध: स्क्रूखालची पितळी चकती, चंद्रकोरीसारखी,
आखडलेल्या अंगठ्यालाही जिच्यामुळे कात्री उघडते.
शोध कामाच्या वेळेत लागला का? हो.
कंपनीची हत्यारं वापरली का? हो.
चहाही कंपनीचाच होता, पण तो कुणी विचारलेला नाही.

तिसऱ्या पानावर एक रकाना:
शोधात आणखी कुणाचा वाटा असल्यास नाव, आणि टक्के.

इथे मी तीन दिवस अडकले आहे.

आमच्या झोलिंगेनमध्ये प्रत्येक पात्यावर गावाचं नाव कोरतात.
ते नाव कायद्यानं राखलेलं,
दुसऱ्या गावच्या पोलादानं लावून बघावं!
धार लावणाऱ्याचं नाव मात्र
पात्यावर कधी मावलं नाही.

नेवझात उस्ता. नवी पोरं समजतात, उस्ता हे आडनाव आहे.
एकोणचाळीस वर्षं तो दोन पाती जुळवतो
आणि कान देऊन बसतो.
मार्चमध्ये त्याच्या हातात पाकीट आलं.
आत 'पुनर्रचना' असा एक शब्द, खाली निळ्या शाईची सही,
आणि उद्यापासून घरी बसा.
त्यानं पाकीट डब्यात ठेवलं, ऑलिव्हच्या शेजारी,
म्हणाला, चला, झालं.

झालं कसं? तीन आठवडे आहेत.
तीन आठवड्यांत कोर्टाची पायरी चढली नाही
तर त्यांची चूकही बरोबर ठरते.

चूक एवढीशीच होती:
नोटीस देण्याआधी कामगार समितीला विचारलं नव्हतं.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, समितीचं म्हणणं कधी ऐकलंत?
कंपनीचा वकील कागद चाळत राहिला,
आधी पुढून मागे, मग मागून पुढे.
मे महिन्यात उस्ता परत आपल्या स्टुलावर.
रीतसर विचारून पुन्हा काढता आलं असतं त्याला.
काढलं नाही. का, ते ठाऊक नाही.
बहुधा नाताळची ऑर्डर मोठी होती.

आणि सप्टेंबरात, डबा धुवायला जाता जाता,
माझ्या नमुन्यापाशी थबकून तो म्हणाला,
रडतेय ती.
कुठे?
टोकाला नाही. मानेत.

बस्स. पुढचं सगळं मी कानशीनं केलं.

पेटंटचे वकील व्हीझेनह्यूटर म्हणतात,
दोष दाखवणं म्हणजे शोध लावणं नव्हे.
आणि रडू कुठून येतंय, ते सांगणं?
त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं.
ते... पाहावं लागेल.

कंपनी चार महिने काही बोलली नाही
तर शोध आपोआप कंपनीचा.
मौनं सर्वार्थसाधनम्, दुसरं काय!
मला मोबदला मिळेल, कोष्टकावरून काढलेला,
आणि पेटंटवर नाव, जे कुणालाही खोडता येत नाही.
त्या नावाशेजारी जागा आहे, म्हणून तर हा घोळ.

मी चाळीस म्हणते. तो म्हणतो, दहा.
अडतीस. बारा, आणि तेही तुझ्या हट्टाखातर.
उलट्या बाजारासारखी आमची घासाघीस,
विकणारा भाव पाडतोय, घेणारी चढवतेय.
आणि ज्या कुणी ते कलम लिहिलं, आधी विचारा म्हणून,
त्याला किती?
तो नसता तर हे स्टूल रिकामं असतं
आणि कात्री अजून रडत असती, कुणालाही ऐकू न येता.

शेवटी तेहेतीस.
सही करताना उस्ताला पेन दोन बोटांत धरवेना,
मुठीत धरून केली.

सहासष्ट आणि तेहेतीस. बेरीज नव्याण्णव.
बेरीज शंभर असावी, असं खाली बारीक अक्षरांत आहे.
असू दे.
सोमवारी फॉर्म परत येईल, एक टक्का कुणाचा म्हणून.
येऊ दे. निदान विचारतील तरी.