थंड कोनाडा

वैशाखात वळसंगला पत्रा बोलतो.
दुपारी दोनला शेडवर हात टेकला
तर हाताची भाकरी.

इलियास बागवान सोलापुराहून मोटरसायकलवर येतो,
मागं थर्माकोलचा डबा, डब्यात दोन पुड्या.
"ही एन्झाइमची, ही यीस्टची.
टनाला अर्धा किलो, वहिनी. पण उन्हात नको,
फार तापली की ही मंडळी रुसतात."
म्हटलं, इथं रुसायला सवड कुणाला,
अख्खं गाव चव्वेचाळीसवर बसलंय.

फ्रिज आहे. वीज नाही.
न्हाणी दमट, कणगीमागं उंदीर.
अनवाणी फिरले घरभर,
फरशी कुठं गार लागते बघत.
एकच जागा निघाली: देवाचा कोनाडा.
दीड हाताची दगडी भिंत, मागं चिंचेची सावली.

मामंजी, गुरुसिद्धप्पा, गळ्यात लिंग.
शेड उभं राहिल्यापासून चार वर्षं
तिकडं तोंड केलेलं नाही.
दीड हजार पिल्लं येतात, वाढतात, जातात,
ते फक्त वाऱ्याची दिशा बघून बाज हलवतात.

"कोंबड्यांचं औषध? इथं?"

औषध नव्हे, मामा.
दाण्याला आतून कुलूप असतं,
मक्याला, सोयापेंडीला, आपल्या ज्वारीच्या चुरीलाही.
कोंबडीकडं किल्ली नाही.
खाते, आणि कितीतरी तसंच खाली टाकते.
म्हणून तूस ओलं, म्हणून तो वास,
म्हणून तुमची बाज हलते.
ही किल्ली.

"आणि ती दुसरी?"
आंबवण. आंबिलीत असतं तसलं.
"म्हणजे जिवंत?"

कोनाड्यासमोर खोटं कसं बोलू.
हो. झोपलंय. ओल आणि ऊब मिळाली की उठेल.

जन्मभर आंबील प्यायलेला माणूस
बराच वेळ काही बोलला नाही.
मग विभूतीचा डबा उचलला,
बेलाची वाळकी पानं गोळा केली,
कापूर खिशात टाकला.
"ठेव. जिवंत आहे तर उन्हात कशाला मारायचं."

पहाटे पाचला मिसळते.
आधी घमेलंभर भरड्यात, मग पोत्यात, मग ढिगात,
एकदम टाकलं तर एकीच्या वाट्याला सगळं, दुसरीला धूळ.
हाताला दिवसभर वास राहतो
लष्करातल्या बेकरीच्या मागच्या दाराचा.

विसाव्या दिवशी शेडच्या कोपऱ्यातून
मूठभर तूस उचललं, दाबलं, मूठ उघडली.
लाडू वळला नाही.
बोटांमधून गळून गेलं.

वहीत मागच्या खेपेचा आकडा एक अठ्ठ्याहत्तर,
या खेपेला एक एकोणसत्तर.
किलोभर वजनाला इतका दाणा, असं लिहिते.
वजन.
दुसरा शब्द या घरात उच्चारत नाहीत,
आणि मीही कधी चाखलेला नाही.

एक्केचाळिसाव्या रात्री गाडी आली.
क्रेट, काटा, ताडपत्री, टॉर्चचा उजेड.
पहाटेपर्यंत शेड इतकं गप्प
की पाण्याच्या निपलचं ठिबकणं ऐकू यायला लागलं.

सकाळी बाज जागच्या जागी.
बाजेवरून मामा म्हणाले,
"गेल्या सगळ्या?"
गेल्या.
"आणि कोनाड्यातलं?"
उरलंय चिमूटभर.
"झाकून ठेव."

संध्याकाळी वात लावायला गेले
तर समई हातभर अलीकडं सरकलेली.
फरशीवर तेलाचा ताजा ओरखडा,
त्यात एक बोट उमटलेलं.